रेमेडियलची मुलगी

"आडनाव?"

सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "राहायला?"

"येरवडा."

"हं. शनिवारी रेमेडियलला बसायचं आपण."

झालं. ना परीक्षा, ना एक ओळ वाचून घेतली. कॉलेज सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. शेजारचा कोथरूडचा मुलगा, ज्याला इंग्रजीत स्वतःची ओळख धड करून देता येत नव्हती, तो मात्र बसल्या जागी राहिला. त्याचं आडनाव चांगलं होतं.

घरी डिक्शनरी काढली. रेमेडियल म्हणजे कच्चं राहिलेलं पक्कं करून घेणारं शिक्षण. अर्थ चांगलाच आहे की! पण आमच्या कॉलेजात त्याचा वापर वेगळा होता. पुण्यात सगळे सुशिक्षित. तोंडावर जात काढायची लाज वाटते. मग कॅन्टीनमध्ये ऐकू यायचं, "ए, रेमेडियल आली बघ."

माझे पप्पा पोस्टात होते. लहानपणापासून रोज माझ्याकडून इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांना मी हे शनिवारचं कधी सांगितलंच नाही.

वर्ष संपताना तपासणी समिती येणार होती. मॅडमनी मला एकटीला बोलावलं, कोरा पेपर पुढे सरकवला.

"वर जूनची तारीख टाक. भरपूर चुका कर. शेजारी तुझा आत्ताचा पेपर लावू. सुधारणा दिसायला नको का, बाळा?"

"पण मॅडम, मला पहिल्यापासून येतं."

"येतं गं. म्हणून तर तुला सांगतेय. आणि इंटर्नलचे मार्क माझ्याच हातात आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझं अडाणीपण मीच लिहून द्यायचं, आणि मला शहाणं केल्याचं श्रेय यांनी घ्यायचं! वा रे वा!

"नाही लिहिणार," म्हणाले आणि बाहेर पडले.

समिती रेमेडियलच्या वर्गात आली तेव्हा मी आपणहून उभी राहिले. आडनाव ऐकून मला इथं बसवलंय, चुकांचा खोटा पेपर मागितलाय, सगळं इंग्रजीतच सांगितलं. मॅडम पांढऱ्याफटक. समितीनं माना डोलावल्या, चहा घेतला, गेली. इंटर्नलला मी काठावर पास.

आज मी वाघोलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. परवा मॅडमचा फोन आला. निवृत्तीचा सत्कार आहे.

"तू बोलायचंस हं. माझ्या रेमेडियलची मुलगी प्राध्यापक झाली, कळू दे लोकांना."

विसरल्या? छे! मी विसरले असेन असं त्यांना वाटलं.

नवरा म्हणतो, "जाऊ दे ना. वय झालंय त्यांचं."

का जाऊ दे? माझे मार्क कापताना त्यांनी म्हटलं होतं का, जाऊ दे? सगळे मला मोठ्या मनाचे सल्ले देतात. मला मोठं मन नकोय. मला सूड हवाय.

मी होकार कळवलाय. त्यांच्या मुला-सुनांसमोर बोलणार. तेही मराठीत, म्हणजे कुणी कळलं नाही म्हणायला नको. मध्येच कुणी "पुरे आता" म्हणालं तरी संपेपर्यंत माईक सोडणार नाही.