माझ्या रस्त्यानं ती गेली

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आम्ही सौंसरला होतो, नवरा तहसील कचेरीत बाबू. त्याला अन् त्याच्या दोस्तांना हिवाळ्यात डोंगरात पायी फिरायचा भारी शौक. पण कुठं जायचं, कसं जायचं, हे मी ठरवायची. माझा बाप तामियाकडं सडकेवर मुकादम होता. त्याच्यामागं हिंडून तिकडचा डोंगर न् डोंगर मला पाठ. सिलेवानीचा घाट कुठून चढायचा, कन्हानच्या काठानं जायचं तर रेतीतून की वरच्या पळसाच्या रानातून, पाणी कुठं लागते, सारं मी सांगायची. पिशव्याही मीच भरायची. मग दारात उभी राहून त्यांच्या पाठी पाहायची. बाईमाणूस कुठं जंगलात जाते!

त्या वर्षी मी पातालकोट आखून दिलं. कड्यावर मुक्काम, सकाळी खाली दरीत. तेवढ्यात बँकेतल्या नव्या साहेबाची भोपाळवाली बायको म्हणाली, "मैं भी चलूँगी." अन् कोणी हूं की चूं केलं नाही! पायात बूट, अंगात पँट, पाठीवर नवीकोरी पट्ट्यांची पिशवी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता माझा अन् चालणार ही?

"ती कशी काय जाते जंगलात?" मी नवऱ्याला विचारलं.

"साहेबाची बायको आहे बाप्पा. तिले कोण नाही म्हणन?"

तरी कणीक, वांगी, मिरच्या मीच बांधून दिल्या. आमच्याकडं रानातलं जेवण म्हणजे रोडगे, कणकेचे जाड गोळे. सांगितलं, गोवऱ्यांचा जाळ बसू द्या, मग निखाऱ्यात भाजा, घडीघडी उलटा.

ते गेले अन् माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आता ती घाटात असन, आता कड्यावर. भाजी करपली, दूध उतू गेलं. नुसता जळफळाट.

आले ते पोटं धरून. रोडगे पेटत्या जाळातच टाकले होते. वरून कोळसा, आत कच्ची कणीक. भोपाळवालीनं तर रोडगे जन्मात पाहिले नव्हते. मला असं बरं वाटलं, काय सांगू!

"पुढच्या खेपेला तू चाल," नवरा म्हणाला. "तुह्याशिवाय जमत नाही."

हे ऐकायला मी लग्नापासून बसली होती.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पातालकोटच. मी साऱ्यांच्या पुढं चालली. कडा जवळ आला तसा नवऱ्यानं पिशवीतून कणीक काढून माझ्यापुढं ठेवली, अन् सारे दरी पाहायला गेले. भोपाळवालीही गेली. मी रानातल्या गोवऱ्या वेचून जाळ केला. तो बसल्यावर रोडगे निखाऱ्यात घातले. धुरानं डोळे चुरचुरून राहिले होते.

तिकडून तिचा आवाज आला, "दीदी, जल्दी आओ, नीचे बादल हैं!"

माझ्या बापाचे डोंगर, अन् ते मला दाखवणार ही! मी हात झटकून उठली. वाटेत नवरा आडवा आला.

"अवं, रोडगे?"

"तुम्ही उलटा. नाहीतर जळू द्या," मी म्हटलं, अन् त्याला बाजूला सारून कड्याकडं निघाली.