धाकट्याने वाटे पाडायचे

ईराच्या अभ्यासाचं टेबल मला फुकटात मिळालं... फूटपाथवर कुणीतरी टाकून दिलेलं. पण ते गराजमध्ये मांडल्यापासून माझी व्हॅन बाहेर भिजतेय, अवजारं गंजतायत, आणि बारावीतल्या लेकीचा झूम सुरू असला की मला स्वतःच्याच घरात चोरासारखं चालावं लागतं. एवढ्याला पडलं ते टेबल.

लॉकडाऊनमुळे माझं कुंपणं घालायचं काम बंदच आहे. म्हणून गेल्या आठवड्यात एका सकाळी गराजच्या दाराबाहेर ड्रिल पुसत बसलो होतो. आत ईरा टीचरला हिस्ट्रीचा प्रोजेक्ट समजावत होती... मध्ययुगातलं वेल्स आणि तिथले जमिनीचे भाग. माझे कान तिखट, हे ब्लॅकटाउनपासून कॅसल हिलपर्यंत सगळ्या कस्टमरना ठाऊक आहे. फोनवर माणूस नुसता श्वास घेतो, तेवढ्यावरून मी त्याचं बजेट ओळखतो.

शंभर गावांचा एक कँट्रेव्ह, त्याचे दोन कॉमोट, प्रत्येक कॉमोटला स्वतःचं कोर्ट. मी दारातूनच म्हटलं, "म्हणजे आपला तालुका की."

"डॅड, आय नो. अँड नाऊ माय टीचर नोज टू."

मग ती पुढचं बोलली आणि माझा हात थांबला. बाप गेला की जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी. वाटे पाडायचे धाकट्याने... आणि आधी उचलायचा थोरल्याने.

आमचे आबा मे महिन्यात कोविडने गेले. इथून देशाबाहेर पडणं बंद, मला भारतात जाता आलं नाही. गावाकडचे सहा एकर दादाच्या आणि माझ्यात वाटायचे होते आणि आम्ही दोघंही विषय टाळत होतो. फोन हवापाण्यावरच संपायचे. आबांच्या मागे मला हा एकच भाऊ... वाटणीत तोही तुटेल, याची धास्ती होती.

त्याच दुपारी फोन लावला. "दादा, रेघ मी मारतो. आधी तू उचल."

"बघ हं. धंदेवाला माणूस तू," दादा हसला.

नकाशा घेऊन दोन दिवस बसलो. विहिरीकडचे अडीच एकर, वरच्या माळाचे साडेतीन. दादा विहीरच घेणार याची मला खात्री होती... शेती तोच करतो. फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत त्याचा फोन.

"माळ मला."

"अरे, तिथे पाणी नाही."

"मला सांगतोस? पाइप टाकू देशील की तू. विहिरीपाशी आबांची रक्षा घालून जांभूळ लावलंय. तू येशील तेव्हा ते तुझ्या जागेत असू दे. मला काय, बांधावरून रोज दिसतं."

मी नकाशावर विहिरीपाशी बोट ठेवलं.

"नेट गेलं का रे?" दादा विचारत राहिला.

आबांना शेवटचं बघता आलं नाही, ते दुःख जाणार नाही. पण आता कुठे जाऊन बसायचं ते ठरलंय. दादा, तुझे आभार मानले तर शिव्या देशील, म्हणून इथे लिहितोय.

आणि एक. जांभळाचं मला जूनमध्येच फोनवर सांगितलं होतं, असं दादा म्हणतो. मी तेव्हा दुसऱ्या लाइनवर कस्टमरला कोटेशन देत होतो.