मी गाळलेली ओळ

माझा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर. खरा मी ज्वारीच्या काढणीत झालो असं आई सांगते, पण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा नेमकी तारीख कुणालाच आठवेना आणि गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जूनलाच जन्माला घातलं. तेव्हापासून माणसाला दोन जन्मतारखा असतात, एक खरी आणि एक कागदाची, यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो घोटाळा केला त्याचं मूळ ह्या एक जूनमध्ये आहे. गुरुजींवर ढकलतोय असं वाटेल. थोडं ढकलतोयच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दुबईत, देरा भागातल्या एका ऑफिसात होतो. आम्ही शेतीचे पंप आणि ठिबकचे पाइप विकायचो. वाळवंटात. पण माझ्याकडे विक्री नव्हती, माझ्याकडे कागद होते. व्हिसा, पासपोर्ट, लेबर कार्ड, दाखल्यांवरचे शिक्के. तिथे माणसाला डोकं नसलं तर एक वेळ चालतं, पण पासपोर्टावरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळली नाही की खलास. ती जुळवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं आमचे साहेब पाहुण्यांना सांगायचे. मी लाजल्यासारखं करायचो आणि शारजाला घरी जाताना ट्रॅफिकमध्ये दीड तास तेच वाक्य चघळत बसायचो.

साहेब अमेरिकन होते, साठीला टेकलेले, मिनेसोटातल्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. एके दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर बुटांचा एक खोका आणून ठेवला. आत बूट नव्हते, झेरॉक्स होत्या.

"माझे आजोबा स्वीडनहून आले," ते म्हणाले. "गाव कुठलं, घर कुठलं, कधी बोलले नाहीत. माझे वडील ह्या उन्हाळ्यात नव्वदीचे होतायत. त्यांना एकच गोष्ट हवी आहे. त्यांचा बाप कुठून आला, ते लिहिलेलं एक पुस्तक. ते मला त्यांच्या हातात द्यायचंय. तू कागदांचा माणूस आहेस."

कागदांचा माणूस! मी विरघळलो.

पुढचे दोन-तीन महिने मी स्वीडनमध्येच राहायला होतो म्हणा. बोटीवरच्या उतारूंची यादी, अमेरिकेतल्या शिरगणतीची पानं, जमिनीचे कागद. बापाच्या नावाला 'मुलगा' जोडला की यांचं आडनाव तयार, हे कळल्यावर तर मला ती माणसं साताऱ्याकडचीच वाटायला लागली. आपलं मधलं नाव तरी दुसरं काय असतं? आजोबा विशीत एकटेच बोटीत चढले होते, मिनेसोटात कुणाच्या तरी शेतावर राबले, मग स्वतःची जमीन, मग लग्न, मग मुलं. शिरगणतीतलं वय मात्र मी धरलेल्या जन्मतारखेपेक्षा दर वेळी दोन-अडीच वर्षांनी कमी भरत होतं. मोजणी करणाऱ्याची चूक, असं मी ठरवलं. माझ्याशिवाय सगळ्यांच्या चुका होतात, अशी तेव्हा माझी समजूत होती.

खोक्यात सगळ्यात जुना कागद होता तो त्यांच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानाचा. आजोबांच्या आईने तिथे आपल्या मुलांची नावं आणि जन्मतारखा ओळीने लिहून ठेवल्या होत्या. भाषा मला कळत नव्हती, पण नाव नाव असतं आणि आकडा आकडा. आजोबांचं नाव त्यात दोनदा होतं. खालीवर दोन ओळी, नाव तेच, तारखा दोन.

मला अगदी भरून आलं. म्हणजे स्वीडनमध्येही एक जून होता! मी पहिली तारीख खरी धरली, दुसरी कागदाची धरली, आणि टाइप करताना दुसरी ओळ गाळून टाकली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? जुळत नव्हतं, जुळवलं.

उतारूंच्या यादीत जिल्ह्याचं नाव होतं, तेव्हा त्या तारखेनिशी मी तिथल्या चर्चच्या दप्तराला पत्र पाठवलं. त्या काळी तिथला पाद्री वर्षातून एकदा घरोघरच्या माणसांना बसवून कुणाला वाचता येतं, कुणाला धर्माचं पाठ आहे हे तपासायचा आणि घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं मोठ्या वहीत नोंदवायचा, असं मी वाचलं होतं. काही आठवड्यांनी फॅक्स आला. वहीच्या पानाची प्रत आणि तिथल्या एका बाईंची इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी. गाव सापडलं होतं, घर सापडलं होतं. फक्त, त्या नावाचा आणि त्या तारखेला जन्मलेला मुलगा दोन वर्षांचा असताना गोवराने वारला होता.

साहेबांनी ती चिठ्ठी उभ्याने वाचली. मग खुर्चीत बसून वाचली.

"दोन वर्षांचा," ते म्हणाले. "मग बोटीत कोण चढलं?"

मी वहीच्या पानाची प्रत उलटी करून पाहिली, मागची बाजू कोरी होती.

"मेलेल्या पोराचं नाव कुणीतरी उचललं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. खाली खाडीत गलबतं माल भरत होती. "लष्करात जायचं टाळायला असेल, काही गुन्हा असेल. म्हणूनच ते बोलले नाहीत. आमचं आडनावच चोरीचं आहे. पुढच्या गुरुवारी माझं विमान आहे. नव्वदाव्या वाढदिवशी मी बापाला काय सांगू, तुझा बाप भामटा होता?"

चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात घातली, माझ्या फायलीत लावू दिली नाही.

शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी सकाळी मी पुण्याला भावाकडे फोन करायचो, आईशी बोलायला. आईला आमच्या ऑफिसातलं सगळं लागायचं.

"आई, साहेबांचे आजोबा दोन वर्षांचे असतानाच वारले."

"अरेरे," आई म्हणाली. मग जरा थांबून, "मग साहेब कुठून आले?"

"तेच तर!" मी तिला सगळं सांगितलं. चर्चची वही, गोवर, चोरीचं नाव.

"चोरी कसली डोंबलाची," आई म्हणाली. "पाठीवर दुसरा झाला असेल, त्याला तेच नाव ठेवलं असेल. एवढं कोकलायला काय झालं?"

"गेलेल्या मुलाचं नाव कोण ठेवतं, आई?"

"माझ्या आईनं ठेवलं."

रिसीव्हर माझ्या कानाला तसाच होता. शेजारी सात वर्षांची लेक कार्टून बघत होती, त्यातल्या उंदराने मांजराच्या डोक्यात काहीतरी घातलं. मला ते माझ्याच डोक्यात बसल्यासारखं वाटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या आधी एक होती. दीड वर्षाची होऊन गेली. मग मी झाले. नाव तेच."

"अगं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

फोन ठेवला तेव्हा माझं तोंड बघून बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"दोन होत्या," मी म्हणालो.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आणि तेव्हा, तिचा हात कपाळावर असतानाच, मला ती बायबलमधली दुसरी ओळ आठवली. साहेबांच्या आजोबांना मीच मारलं होतं! त्यांची तारीख मी गाळली होती आणि त्यांच्या मेलेल्या भावाची तारीख त्यांना चिकटवून जगभर पाठवली होती.

शनिवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. खोका उघडला. दोन ओळी होत्याच. पहिल्या ओळीपुढे एक बारीकसा क्रूससुद्धा होता, गेलेल्याची खूण. तो मला झेरॉक्सचा डाग वाटला होता. वहीच्या पानाची प्रत पुन्हा पाहिली. मेलेल्या मुलाच्या लगेच खाली तेच नाव, दुसरी तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द, जो कुठल्याही भाषेत वाचता आला असता. अमेरिका.

साहेब आले. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि उभा राहिलो. मनात व्हिसा रद्द करून झाला होता, लेकीची शाळा बदलून झाली होती, सामानाची खोकी बांधून झाली होती.

त्यांनी बराच वेळ बोट दोन्ही ओळींवरून फिरवलं.

"ही ओळ तू का काढलीस?"

"सर, तारीख जुळत नव्हती."

"जुळणार कशी? ती दोन माणसं होती."

"यस सर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "म्हणजे ते भामटे नव्हते." आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी गलबतांकडे बघत राहिलो.

"तुला हे सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं, सर. आईला सुचलं." मी तिची हकीकत सांगितली. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"लाव तिला."

स्पीकर चालू केला. आई घरी पाहुणा यावा तशी बोलली.

"साहेबांचा चहा झाला का?"

"झाला. ते विचारतायत, मेलेल्या बहिणीच्या नावाने सगळे हाक मारायचे, तर तुला कधी कसंतरी नाही का वाटलं?"

"त्यात काय वाटायचं?" आई म्हणाली. "तिची झबली घातली, तिची दुपटी वापरली, पाळणाही तिचाच. एवढं सगळं वापरलं आणि नाव तेवढं टाकून द्यायचं? चांगलं होतं की. तेही लग्नात तुझ्या वडिलांनी बदललं. दोघींनी मिळूनसुद्धा फार नाही वापरलं बघ."

लग्नात बायकोचं नाव बदलतात हे साहेबांना समजावण्यातच माझी पाच मिनिटं गेली. झबल्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही. पण मुद्दा त्यांना कळला. "तिकडे थंडी फार," ते स्वतःशीच म्हणाले. "आजोबांनीही त्याचेच कपडे घातले असणार."

आईने विचारलं, "त्यांच्या त्या पहिल्या पोराची तारीख आहे का रे?"

"आहे. जन्माची, मरणाची. कशानं गेला तेही. पाद्र्याने लिहून ठेवलंय."

पलीकडे आईने हातातलं भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं.

"बरं आहे त्यांचं," आई म्हणाली. "आमच्या तिचं कुणी नाही लिहिलं. मी गेले की तीही खलास."

खलास हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता. तिच्या तोंडी तो इतका उघडा ऐकू आला की मी खुर्चीचा हात धरला.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला आशीर्वाद दिला, सर," मी म्हणालो. म्हणजे मी पुन्हा एक ओळ गाळली.

साहेब गुरुवारी गेले. मी रात्रंदिवस एक करून पुस्तक नीट केलं होतं, दोन भाऊ एकाखाली एक, नाव तेच. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की वडिलांनी ते पान दोनदा वाचून घेतलं, आणि धाकट्याची म्हणजे आपल्या बापाची ओळ आधी वाचली म्हणून मुलाला दटावलं. थोरला आहे तो, त्याचं आधी वाच. माझी चाकरी शाबूत राहिली. साहेबांनी फक्त एवढंच केलं, की पुढे कुठलीही तारीख जुळवण्याआधी मी त्यांना विचारायचं, असा नियम काढला.

दोन-तीन वर्षांनी लेकीला शाळेत फॅमिली ट्री करायला दिला. जाड पुठ्ठ्यावर तिने झाड काढलं आणि मी पेन्सिलीने नावं घातली. आजीचं माहेरचं नाव लिहिलं आणि त्याच्या वर, त्याच फांदीला, आणखी एक चौकोन काढून त्यात तेच नाव लिहिलं. तारखेची जागा रिकामी ठेवली. फोनवर आईला विचारलं होतं, तिला नुसतं एवढंच माहीत होतं की थंडीचे दिवस होते.

लेकीने पाहिलं आणि खोडरबर उचललं. "बाबा, सेम नेम ट्वाइस. दिस इज अ मिस्टेक."

मी तिचा हात इतक्या जोरात धरला की पोरगी दचकली. मग सॉरी म्हणालो, आणि ते नाव पेन्सिलीवरून शाईने गिरवलं.