कसला वास?

मॅनेजरने मला काचेच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि उठून स्वतः दार लावलं. स्वतः दार लावणारा माणूस नाही तो.

"आप भी महाराष्ट्र से हो ना?" त्याने विचारलं.

मी गाझियाबादची आहे. बाबा नोकरीसाठी पुण्याहून आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, शाळा इथली, तीही इंग्रजी. मराठी घरात बोलते, अर्ध्या वाक्यानंतर हिंदीत घसरते. पण आडनाव मराठी, म्हणून नोएडातल्या त्या ऑफिसात मी महाराष्ट्रवाली. एवढं सगळं समजावून सांगायला जितके शब्द लागतात तितके मी तिथे अख्ख्या दिवसात बोलत नाही. म्हणून मी नुसती मान हलवली.

"तो वो जो नई लड़की है, सोलापूरवाली. टीम को थोड़ी प्रॉब्लम हो रही है. स्मेल की." शेवटचा शब्द त्याने टेबलाकडे बघून उच्चारला. "अगले महीने उसका कन्फर्मेशन है. क्लायंट फ्लोअर पे आते हैं. ऐसे ही चला तो मैं साइन नहीं कर पाऊँगा. आप अपनी लँग्वेज में समझा दो ना. प्यार से."

"एचआर?" मी विचारलं.

"उनको बोला था. वो कह रही हैं, ऑफिशियल हो जाएगा, लड़की को बुरा लगेगा."

म्हणजे एचआरने सांगितलं तर तिला वाईट वाटणार, आणि मी मराठीत सांगितलं तर बरं वाटणार. मी सोलापूर फक्त नकाशावर बघितलंय. त्या मुलीशी माझं बोलणं लिफ्टमध्ये एकदा "कुठला मजला" एवढंच झालं होतं. पण तिची नोकरी आता माझ्या तोंडात आणून ठेवली होती, आणि वर प्रेमाने म्हणे.

मी बाहेर आले तेव्हा फ्लोअरवरच्या सगळ्यांना माहीत होतं मी आत कशाला गेले होते. कुणी वर बघितलं नाही, त्यावरूनच कळलं.

हे काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. कडाक्याची थंडी होती, हीटिंग चालू, खिडक्या न उघडणाऱ्या. सोलापूरची तिच्या जागेवरून उठून प्रिंटरकडे गेली की माझ्या शेजारच्या टेबलवरची मुलगी ड्रॉवरमधून रूम फ्रेशनर काढायची आणि हवेत लिंबाचा एक फवारा मारायची. लोक हसायचे. सोलापूरचीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या होत्या. एकाला हीटिंगचा त्रास होत होता, दुसऱ्याला उजेड हवा होता. तिला सोडून बाकी सगळ्यांचा एक ग्रुप होता. त्यात नाक दाबलेली चित्रं यायची. मीही त्या ग्रुपात होते, गप्प.

आणि ही शेजारची एकदा खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली होती. "यार, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. तुम्हारे उधर पानी की बहुत प्रॉब्लम है ना? मतलब, लोग रोज़ नहाते हैं?"

माझ्या उधर म्हणजे कुठे? गाझियाबादचं इंदिरापुरम? मी स्क्रीनकडे बघत राहिले. माझे कान गरम झाले की लाल होतात आणि समोरच्याला दिसतात, म्हणून मी केस मोकळे सोडते.

संध्याकाळी घरी आले तर आई मटार सोलत बसली होती. दिल्लीच्या थंडीत आमच्याकडे मटार किलोने नाही, पोत्याने आल्यासारखे येतात. मी तिच्यासमोर बसून एक शेंग हातात घेतली आणि विचारलं, "आई, एखाद्याला वास येतो हे मराठीत कसं सांगायचं? चांगल्या शब्दांत."

"कुणाला?"

मी सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसला?"

"कसला म्हणजे?"

"अगं, वास कसला? घामाचा, डोक्याच्या तेलाचा, तोंडाचा, बुटांचा, ओल्या कपड्यांचा? वास काय एकच असतो?"

मला सांगता येईना.

"म्हणजे तू जवळ गेलीच नाहीस तिच्या," आई म्हणाली. तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही. दाणे भांड्यात पाडले आणि पुढची शेंग घेतली.

बाबा पेपरमागून म्हणाले, "वा! सगळ्या ऑफिसला वास येतोय आणि हुंगून कुणीच बघितलं नाही. बिल्कुल सरकारी चौकशी."

मी हसले नाही. मला राग आला होता. आधी आईचा, कारण ती बरोबर होती. मग त्या मॅनेजरचा, कारण इतके दिवस इतकी शिकलेली माणसं एका मुलीबद्दल बोलत होती आणि "कसला" हा साधा प्रश्न गाझियाबादला मटार सोलणाऱ्या माझ्या आईला पहिल्यांदा सुचला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन पँट्रीच्या शेवटच्या टेबलावर गेले. सोलापूरची तिथे एकटी बसायची, मायक्रोवेव्हच्या बाजूला. ती पेइंग गेस्ट म्हणून राहायची त्या पीजीचा डबा होता, बटाटा आणि जाड पोळ्या. शेजारी एका छोट्या डबीत घरची शेंगदाण्याची चटणी. मी समोर न बसता तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसले.

आणि मला तो वास ओळखीचा निघाला. जानेवारीत आमच्या बाथरूमच्या दारामागे टॉवेल राहिला की त्याला असाच येतो. पोछ्याचं फडकं बादलीत विसरलं की असाच येतो. त्यात घाम नव्हताच.

"तुम्हाला पाठवलंय ना?" तिने पोळीचा तुकडा मोडत, वर न बघता विचारलं.

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायला सुचलं नाही.

"वाटलंच. तुम्ही कधी इकडं बसत नाही. बोला आता. साबण बदल म्हणायचंय का डॉक्टरला दाखव म्हणायचंय?"

मी रात्रभर इंग्रजीत जुळवलेलं आणि मग मराठीत आणलेलं वाक्य डोक्यातून गेलं. मी विचारलं, "तू कपडे कुठे वाळत घालतेस?"

तिने तुकडा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग पँट्रीच्या दाराकडे, आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेना.

"कुठं घालणार? आमच्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये एक स्टँड आहे, त्यावर सगळ्या पोरींचे कपडे, एकावर एक. ऊन नाही, वारा नाही. चार-चार दिवस ओलेच. मग तसेच घालायचे. कुबट वास येतो, मला कळतं की. मला काय नाक नाही? आमच्याकडं सोलापुरात दोरीवर टाकले आणि चहा घेतला की कपडे वाळतात. मला बाई माहीतच नव्हतं, कपडे न वाळणं पण असतं."

"गच्ची?"

"कुलूप. मुलींनी जायचं नाही."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू ताई? कुणी विचारलं तर सांगीन ना. मधोमध उभी राहून ओरडू का, ऐका हो, मी आंघोळ करते, वास माझा नाही, कपड्यांचा आहे?" ती हसली. "दोनदा करते आंघोळ. सकाळी आणि रात्री. सर्दी जाईना झालीये. डिओ मारते तर त्याचा आणि ह्याचा मिळून तिसराच वास येतो."

दिल्लीच्या त्या थंडीत दोनदा. आणि इकडे लोक विचारत होते, हे लोक रोज आंघोळ करतात का.

मी फार क्वचित कुठे जाऊन काही मागते. त्या संध्याकाळी गेले. पीजी ऑफिसच्या मागच्याच सेक्टरात होता. मालकीणबाई तळमजल्यावर पायाशी हीटर घेऊन बसल्या होत्या, आणि गच्चीची किल्ली टीव्हीच्या बाजूला खिळ्याला लटकत होती.

"आंटी, छत की चाबी मिल सकती है? सिर्फ़ कपड़े सुखाने के लिए. दिन में," मी म्हणाले. आवाज माझ्या मापाचाच निघाला, लहान.

"ना बेटा. सामने लड़कों का पीजी है. लड़कियों के कपड़े टँगेंगे, वो भी अंदर के, तो लड़के क्या सोचेंगे?"

समोरच्या गच्चीवर मुलांच्या चड्ड्या आणि बनियनी ओळीने वाळत होत्या, रस्त्यावरून मोजता येतील अशा. त्या बघून मुलींनी काय विचार करायचा, हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नव्हतं. आणि सोलापूरचीने मला नंतर सांगितलं की तो मुलांचा पीजीही ह्याच बाईंचा.

मी अजून उभीच आहे असं बघून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम कौन हो इसकी? ऑफिस की? अच्छा, मराठी हो? शादी हो गई? क्यों नहीं हुई? मम्मी-पापा के साथ रहती हो? फ्लॅट अपना है कि किराए का? सैलरी कितनी है?"

आणि मी उत्तरं दिली! सगळी, क्रमाने, पगाराचं सोडून. हे आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात. अनोळखी बाईला माझं लग्न का झालं नाही हे विचारायला संकोच वाटत नाही, आणि उत्तर न द्यायचा संकोच मला वाटतो. तीच बाई स्वतःच्या घरात राहणाऱ्या मुलीला कधी विचारत नाही की बाळ, तुझे कपडे वाळतात का? तो म्हणे खाजगी विषय.

किल्ली मिळाली नाही.

रविवारी सोलापूरची एक फुगलेली बॅग घेऊन मेट्रो आणि मग ई-रिक्षा करत आमच्या घरी आली. दारातच म्हणाली, "काकू, वास येईल हं." आई म्हणाली, "येऊ दे. घरात माणसं असली की येतो." आईने सगळे कपडे गरम पाण्यात सोडा घालून पुन्हा धुतले. दुपारी धुकं फाटून ऊन आलं आणि आमची बाल्कनी तिच्या कुर्त्यांनी भरून गेली. जे राहिलं त्याच्या शिवणी आईने इस्त्रीने कोरड्या केल्या. मधेच म्हणाली, "एवढ्या थंडीत दोनदा आंघोळ? वेडी आहेस का गं?" ती पाठमोरी होऊन मटार सोलायला बसली, आणि भांडं भरेपर्यंत वळली नाही.

मग दर रविवारी तेच. बाबा म्हणायचे, "आज लाँड्रीचं गिऱ्हाईक नाही आलं अजून?"

कन्फर्मेशनच्या आठवड्यात मॅनेजरने मला पुन्हा काचेच्या खोलीत बोलावलं. ह्या वेळी दार उघडंच ठेवलं. खुशीत होता.

"क्या बात है. डिफरन्स दिख रहा है. क्या बोला आपने? नहाने लगी?"

मी त्याला सांगितलं. स्टँड, कुलूप, सामनेवाले लडके, दोनदा आंघोळ. माझा आवाज कापत होता, आणि त्याला वाटलं असणार मी घाबरलेय.

"अच्छा, अच्छा. चलो, जो भी था. फिर भी मैं सोच रहा हूँ, प्रोबेशन थोड़ा एक्सटेंड कर देते हैं. सेफ साइड. सर्दियाँ निकल जाएँ."

"कारण क्या लिखेंगे, सर?"

"वही. जनरल. ग्रूमिंग."

"वो आकर पूछेगी, ग्रूमिंग मतलब क्या. मैंने उससे कह दिया है कि पूछा करे." हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते त्याच क्षणी ठरलं. "तब आप बता दीजिएगा. इस बार मैं नहीं बताऊँगी."

"अरे, आप तो..."

"मैं नहीं बताऊँगी, सर. एचआर भी नहीं बताएँगी, ऑफिशियल हो जाएगा."

तो काचेपलीकडे बघायला लागला. तिथून तिची जागा दिसते. ती हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होती, हात हलवत. तो बहुधा मनात बोलून बघत होता, ते वाक्य तिच्या तोंडावर कसं म्हणायचं. त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण त्या दिवशी मी केस बांधून आले होते.

"ठीक है," तो शेवटी म्हणाला. "कन्फर्म कर देता हूँ. इतनी सी बात को खींचना क्या."

इतनी सी बात. एक मुलगी त्या इतक्याशा गोष्टीपायी इतके दिवस मायक्रोवेव्हशेजारी एकटी जेवली होती.

तिला मेल आला त्या दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली, शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी डबी ठेवली, आणि म्हणाली, "काकूंना दे." पहिल्यांदाच अहो-जाहो सोडलं. मग जागेवर गेली.

शेजारच्या टेबलवरची बघत होती. तिने खुर्ची सरकवली.

"यार, एक बात पूछूँ? अब स्मेल नहीं आती ना उससे. क्या था वो?"

"सामने बैठी है," मी म्हणाले. "पूछ ले."

तिने तिकडे बघितलं. सोलापूरचीनेही नेमकं वर बघितलं. शेजारचीने घाईघाईने मान वळवली आणि ड्रॉवर उघडून उगाच काहीतरी शोधल्यासारखं केलं. फ्रेशनरचा डबा अजून तिथेच होता.

"छोड़ ना," ती पुटपुटली. "अजीब लगता है यार, ऐसे कैसे पूछें किसी से."

रोज आंघोळ करता का, हे मला विचारताना तिला अजीब लागलं नव्हतं.