तीन घरांचे बांगडे

आमच्या जुईने एका सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर तीन घरांचे बांगडे समुद्राला परत केले, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती.

जुई दहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. रापणीचं जाळं ओढायला अख्खी वाडी दोराला लागते आणि जो ओढेल त्याला माशांचा वाटा मिळतो. जुई मात्र लांब माडाखाली उभी राहून रिकाम्या हातांनीच दोर ओढायची. तिला खरा दोर धरायचा होता. मग मी (हौशी बाप!) कामाला लागलो. पुढे काय होणार हे चित्रांतून कळलं की ती घाबरत नाही, म्हणून कार्डं काढली. दोर धरायचा, ओढायचा, मासे येणार, वाटा घ्यायचा. स्कूटरला दोर बांधून अंगणात सराव केला. स्कूटर दोनदा आडवी झाली, जुईने दोर सोडला नाही!

त्या दिवशी कानांवर हेडफोन चढवून ती शेजारच्या शेवंतीकाकीच्या मागे दोराला लागली.

"बग रे, तुझा चेडू तुझ्यापेक्षा बरा ओढता!" काकी म्हणाली. माझी छाती फुगली.

जाळं आलं, काकीने वाटे घातले. जुईने आपला घेतला, कार्ड पाहिलं आणि पाण्यात शिरून बांगडे सोडून दिले. परत आली, काकीचा वाटा नेला. मग वाडीतल्या बाबल्याचा!

"अगो बाय, माझे बांगडे खंय चलले?" बाबल्या किंचाळला.

आणि मी? सगळ्या वाडीसमोर तिच्यावर खेकसलो, "गो जुई! अक्कल आसा काय तुका?"

बाबल्याची रिकामी टोपली आणि कार्डं तिच्या हातून पडली. हेडफोनवरूनच तिने दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

काकीने वाळूतली कार्डं उचलली. "कित्याक आराडतंस तिच्यार? ह्या बग, तूच काडलंस."

शेवटचं कार्ड होतं, 'वस्तू जागेवर ठेवायची'. घरी खेळ संपला की हेच कार्ड येतं. सवयीने मी तेही जोडलं होतं!

"माशांची जागा खंय? दर्यात. मगे?"

बाबल्यासकट सगळे हसले. मला हसता आलं नाही. घरी आल्यावर जुईने रापणीची कार्डं आपणहून डब्यात ठेवली. दर रविवारी मी ती बाहेर काढतो, जुई ती परत डब्यात ठेवते. त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

हल्ली मी स्वतःसाठी एक कार्ड करतोय, 'तोंड बंद ठेवायचं'. चित्र काही जमेना, म्हणून माझा फोटो लावायला घेतला.

बायको म्हणाली, "तुमचो फोटो लावन काय उपयोग? तेच्यातय तोंड उघडाच आसा!"