मोटारीवरची खोली

वारलू सुतार गोंडपिपरीच्या अलीकडे एका खेड्यात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि नांगर बनवायचा. बोलणं कमी. राग आला की तोंड मिटायचं आणि लाकूड तासायची वाकस खोल रुतायची. त्या आवाजावरूनच शेजारीपाजारी ओळखायचे, की आज वारलूच्या आंगणात जायचं नाही.

त्याची धाकटी बहीण प्रेमिला खुशालला दिली होती. खुशाल बांबूच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर. लग्नाला पाच-सहा वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा त्याने प्रेमिलाला बाजाराच्या दिवशी माहेरच्या वेशीवर उतरवलं आणि मोटार पुढे नेली. नंतर कळलं, की आलापल्लीकडे त्याने दुसरी बायको केली. वारलूने पंचांकडून निरोप धाडला, ‘काडीमोड दे, पोरीले मोकळी कर.’ चार माणसांसमोर काडी मोडली की बाई मोकळी, तिला दुसरं घर करता यायचं. खुशालचं उत्तर आलं, ‘माही बायको हाय. मी ठेवीन तशी राहील.’ स्वतःला नको होती, पण दुसऱ्याच्या घरी नांदलेलीही त्याला बघवणार नव्हती.

आणि चौपन्न सालच्या दिवाळीनंतर तोच खुशाल मोटार घेऊन वारलूच्या आंगणात आला.

मोटार छोटी होती, मागे उघडा हौदा. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली, ठेकेदाराने घेतलेली. खुशाल खाली उतरलाच नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, “मालकाचं काम हाय. हौद्यावर खोली बसवाची. दिवसा छत खाली दाबता आलं पाह्यजे, नाई तं झाडाच्या फांद्या लागतात. मुक्कामाले छत वर उचलाचं, बाजूनं ताडपत्री. साहेब लोक जंगलात झोपतीन.”

वारलूने वर पाहिलं नाही. पण त्या भागातलं सागवान ठेकेदाराच्या परवानगीशिवाय मिळत नव्हतं, आणि सागवानाशिवाय सुताराच्या घरी चूल पेटत नाही. त्याने बायकोला, गुणाबाईला हाक मारली.

“त्याले सांग, मोटार उलटी लाव. मागचा फाळका माह्याकडं.”

“त्याले म्हणा, मी बहिरा नाई,” खुशाल म्हणाला.

असंच काम चाललं. दोघं एकमेकांच्या हातभर अंतरावर, आणि बोलणं गुणाबाईमार्फत. वारलूने हौद्यात बसेल अशी सागवानी पेटी केली. चार कोपऱ्यांत चार पोकळ खांब, त्यांत वर-खाली सरकणारे दांडे, दांड्यांवर हलकं छत. छत वर उचललं की दांड्याच्या भोकात लोखंडी खिळी घालायची, मग ते खाली बसत नाही. पेटी हौद्याला बोल्टांनी कसायची. हे असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं, एक खांब दोनदा चुकला. तेव्हा खुशाल मोठ्याने हसला. “बंडीवाल्याले मोटारीचं काम देल्लं मालकानं!” एकदा वारलू मोटारीखाली बोल्टांची भोकं बघत असताना खुशालने मोटार सुरू केली. चाक जरासंच हललं. वारलू बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली आणि वाकस घेऊन चाकाशी जाऊन उभा राहिला. खुशालने किल्ली काढून खिशात टाकली.

प्रेमिला त्या दिवसांत बाहेर आली नाही. कवाडाच्या फटीतून बघायची. भावाला जेवण वाढताना एवढंच म्हणायची, “झालं का?”

शेवटच्या दिवशी छत चढलं, ताडपत्री लागली. आता फक्त पेटी कसायची होती. खुशाल आत शिरला आणि छताच्या मधल्या आडव्या लाकडाला हात लावून म्हणाला, “गुणाबाई, इथी दोन लोखंडी कड्या ठोकाले सांगा. मजबूत. ओझं झुललं पाह्यजे.”

वारलूने कड्या शोधायला डबा उघडला. तेवढ्यात कवाड वाजलं. प्रेमिला आंगणात आली होती. डोक्यावरचा पदर नीट, चेहरा कोरडा.

“दादा, थांब. साहेब लोक पाळण्यात झोपतात का?”

वारलूला कळायला क्षणभर लागला. मग त्याने खुशालकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खुशाल खाली उतरला, गळ्यातला रुमाल सोडून परत बांधला.

“बांबू तोडाईभर जंगलात राहा लागते,” तो म्हणाला. “बायको-पोराले कुठी ठेवू? मालकानंच सांगतलं, खोली बनव म्हणून.”

म्हणजे जिच्यासाठी बहीण वेशीवर उतरवली, तिचं घर वारलू आपल्या हातांनी घडवून देत होता. त्याने वाकस उचलली. छताच्या दांड्यावर पहिला घाव पडणार तोच प्रेमिलाने त्याचा हात धरला.

“तोडू नको. मेहनत तुही हाय.” मग ती हौद्याकडे वळली. बाजूला बोल्ट एका फडक्यात बांधून ठेवले होते. ते तिने उचलले आणि ओट्यावर, मांडीखाली घेऊन बसली.

“आता काडी मोड. मग गाडी ने.”

खुशाल धावून आला. “दे इकडं! रांड, माह्या मालकाचं सामान हाय थे!”

वारलू मध्ये उभा राहिला. एवढ्या आवाजाने आजूबाजूची माणसं कुंपणाशी जमली होती. नथ्थूभाऊ, जातीतला म्हातारा पंच, आत आला. खुशालने एकट्याने पेटी उचलून खाली उतरवायला बघितली, ती हलली नाही. तशीच मोटार हाकावी तर पहिल्या खड्ड्यात पेटी मागे घसरली असती. मालक आलापल्लीला वाट बघत होता. खुशालने पंचांना शिव्या दिल्या, वारलूच्या आईला दिल्या, प्रेमिलाला वांझ म्हटलं. ती ऐकत बसली. उठली नाही.

दिवस कलला तेव्हा नथ्थूभाऊने कुंपणातली एक वाळकी काडी उपटून त्याच्या हातात दिली. खुशालने ती मोडली आणि दोन्ही तुकडे प्रेमिलाच्या अंगावर फेकले. “घे. कुत्रंबी विचारणार नाई तुले.”

तिने बोल्ट दिले. वारलूने ते कसले, एकही ढिला ठेवला नाही. कड्या मात्र ठोकल्या नाहीत. मोटार गेली.

पुढे ठेकेदाराकडून वारलूला येणारं काम बंद झालं. खुशालने काय सांगितलं कोण जाणे, सागवान मिळेना. वारलू बाभळीच्या आणि धावड्याच्या लाकडावर निभावू लागला. प्रेमिलाला वर्षभरात नागभीडच्या बाजूचा केवळराम नावाचा विधुर मिळाला. ती गेली. माहेरी मात्र फारशी आली नाही. गुणाबाई एकदा भेटायला गेली, तेव्हा प्रेमिलाने चहा दिला, पोळी वाढली, आणि निघताना म्हणाली, “दादाले विचार. त्या माणसाची मोटार आंगणात घेतली काऊन त्यानं? पहिल्याच दिवशी हाकलला काऊन नाई?”

गुणाबाईने घरी येऊन तसंच सांगितलं. वारलू बंडीचं चाक बसवत होता. त्याने ऐकलं, वाकस उचलली, आणि त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी ओळखलं, की आज आंगणात जायचं नाही.