भात तिला, अंडी मला

आमच्या कुत्रीचं वजन का वाढत नव्हतं, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. घरात ते फक्त मलाच माहीत होतं. बायको देवाला विचारत होती, मुलगी डॉक्टरांना विचारत होती, डॉक्टर तपासण्या करत होत्या, आणि मी गप्प होतो. गप्प बसणं मला जमतं. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात, मीही म्हणू देतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ चालू होता. मानपाड्याकडे, कंपन्यांच्या रस्त्यावर एका बंद गेटपाशी मुलीला हे पिल्लू दिसलं. मुलगी तेव्हा दहावीत. क्लासहून आली ती ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊनच.

"दोन दिवस फक्त, आई."

"दोन दिवस म्हणून तुझी आत्या आलेली. दिवाळी करून गेली."

आत्या म्हणजे माझी बहीण. मी पेपर वर धरला.

पिल्लू राहिलं. मादी होती, तपकिरी, पोट तेवढं टम्म आणि बाकी सगळी हाडं. बायकोने पहिल्या दिवशी दूध-पोळी कुस्करून दिली, जशी सगळेच देतात. दोन दिवसांत फरशी पुसून पुसून तिचे हात दुखले. डोंबिवलीतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण बाई, बोलायला चटपटीत. त्यांनी जंताचं औषध दिलं आणि पिल्लाच्या कुशीवरून बोटं फिरवत म्हणाल्या, "बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. हिच्या तर लांबून मोजता येतायत. दूध-पोळी बंद. मऊ भात, उकडलेली अंडी, जमेल तेव्हा उकडलेलं चिकन. थोडं थोडं, चार वेळा. या वयात दर आठवड्याला काटा पुढे सरकलाच पाहिजे." पाकिटातलं तयार खाणंही सांगितलं होतं, पण ते हुंगून ती आमच्याकडे असं बघायची, जणू आम्हीच ते आधी खाऊन दाखवावं.

अडचण अशी की चार दिवसांनी श्रावण लागत होता. आमच्या घरी एरवी मासळी असते, गटारीला तर रीतसर पातेलंभर. पण श्रावण लागला की ओट्यावर अंडंसुद्धा चढत नाही. बायकोच्या माहेरचा हा नेम, तिने लग्नानंतरही कधी मोडला नव्हता. आणि त्या वर्षी मुलीची दहावी, म्हणून ती पहिल्यांदाच मला म्हणालेली, "या वेळी दोघं मिळून धरू या का?" मी मान हलवली. वीस वर्षांत तिने असं काही मागितलं नव्हतं. मान हलवताना मला तेवढंच सुचलं, श्रावण महिनाभराचा असतो हे नाही.

मग पिल्लाचं काय? मीच म्हणालो, "भात डब्यात दे. अंडी मी बाहेर खायला घालीन." तिला बरं वाटलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तू ग्रेट आहेस." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

लसी पूर्ण व्हायच्या होत्या म्हणून तिला रस्त्यावर सोडायचं नव्हतं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेलं तिचं तोंड, हातात भाताचा डबा, असा मी रोज संध्याकाळी स्टेशनच्या अलीकडे एका गल्लीत अंड्याच्या गाडीपाशी जायचो. गाडीवाला माझ्याच वयाचा. श्रावणात त्याचं गिऱ्हाईक निम्मं होई, त्यामुळे बोलायला त्याला वेळ असे. तीन अंडी सोलून द्यायचा. बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी ती भातात कुस्करायची, असं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी तिने दोन खाल्ली, तिसऱ्यातलं अर्धं ठेवलं. टाकायचं कशाला म्हणून मी ते तोंडात टाकलं. मीठ नव्हतं, काही नव्हतं. पण घरी आता महिनाभर नुसती वरणं आणि भोपळे चालणार होते. दुसऱ्या दिवशी मी एक तिच्यासाठी वेगळं काढलं आणि दोन मी खाल्ली. ती भात खात होतीच ना, शेपटी हलवत होतीच ना. चौथ्या-पाचव्या दिवशी मी गाडीवाल्याला म्हणालो, "उकडलेली नकोत आज. आमलेट कर."

तो तव्यावर तेल टाकत म्हणाला, "कुत्र्याला कांदा नाय चालत ना, काका? मी ऐकलेलं."

"हं."

"मग टाकू का नको?"

मी इकडेतिकडे बघितलं. "टाक," म्हणालो.

तो हसला नाही. मिरचीही टाकली आणि बरोबर पाव दिला. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. मी दिसलो की कांदा चिरायला घ्यायचा. भात तिला, अंडी मला. कधी तरी एक तुकडा, तिखट न लागलेला, बोटावर धरून तिला द्यायचो आणि वर मनाची समजूत घालायचो, दिलं की.

भूक म्हणाल तर भूक नव्हती ती. खरं सांगायचं तर त्या पायरीवरची पंधरा मिनिटं मला आवडायला लागली होती. तिथे मी कुणाला मान हलवून होकार दिलेला नव्हता. हे कारण आहे, समर्थन नव्हे.

घरी मुलगी विचारायची, "खाल्लं सगळं?" मी म्हणायचो, "खाल्लं." खोटंही नव्हतं. कोणी खाल्लं हे तिने विचारलं नव्हतं.

रविवारी वजन व्हायचं. पिल्लू काट्यावर टिकत नसे, म्हणून मी तिला घेऊन उभा राहायचो, मग एकटा, आणि मुलगी वजाबाकी करायची. दुसऱ्या रविवारी दोघांचं मिळून वजन वाढलेलं निघालं. मुलीने टाळ्या वाजवल्या. मग मी एकटा काट्यावर चढलो. ती आकडा बघत राहिली.

"बाबा, तुझंच वाढलंय."

"उपासाचं तुपकट खातात ना हे," बायको आतून म्हणाली. "साबुदाण्यात दाण्याचं कूट दोन वाट्या लागतं यांना."

सगळे हसले. मीसुद्धा. पिल्लू होतं तिथेच होतं, चार किलोला शंभर-दोनशे ग्रॅम कमी. अंगाची लांबी वाढत होती, त्यामुळे ती जास्तच खंगल्यासारखी दिसू लागली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "रोज तीन अंडी जातायत?"

"हो," मी म्हणालो.

"मग लागत का नाहीये अंगाला? रक्त बघावं लागेल."

त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर संपलं होतं. बायको आणि मुलगी तिथेच उभ्या होत्या. बाईंनी पिल्लाच्या पुढच्या पायावरचे केस कापले. पाय माझ्या अंगठ्याएवढा. शीर सापडेना. मी बाहेर जाऊन चपलांच्या रॅकपाशी उभा राहिलो. दोनदा टोचलं असावं, कारण ती दोनदा ओरडली. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा मी रॅकमधल्या चपला सरळ करत होतो.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. मग पोटाची सोनोग्राफी, ती ठाण्याला, घोडबंदर रोडला. त्यासाठी सकाळपासून तिला उपाशी ठेवायचं होतं. जिला मुळात पोटभर मिळत नव्हतं, तिला. रिक्षा दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकली. ती मुलीच्या मांडीवर तिची बोटं चाटत होती, मग नुसतीच तोंडात धरून बसली. मुलगी बाहेर बघत म्हणाली, "बाबा, माझंच काही चुकतंय का? मी तिला खूप पळवते, म्हणून होत असेल का असं?"

"बघू. डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

आमलेटाचं मला आता फारसं वाटत नाही. त्या रिक्षातल्या उत्तराचं वाटतं.

सोनोग्राफीतही काही निघालं नाही. पुढच्या सोमवारी मी ऑफिसातून आलो तर दारातच वास आला. बायकोची पूजा झालेली, कपाळाला गंध, पोटात दिवसभर काही नाही. आणि गॅसवर जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात अंडी उकडत होती. श्रावणी सोमवारी, तिच्या ओट्यावर.

"बघताय काय असे?" ती म्हणाली. "एवढंसं पोर माझ्या नेमापायी वाळत चाललंय. बाहेरचं लागत नाही तिच्या अंगाला. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन."

तिने अंडी सोलली, फुंकर घालून निववली, भातात कालवली आणि खाली बसून भरवली. पिल्लाने ताटली घासून पुसून काढली आणि तिची बोटं चाटायला लागली. मी हातपाय धुवायला गेलो तो बराच वेळ बाथरूममध्येच राहिलो.

त्यानंतर वजन वाढायचं ते वाढलंच. दोन आठवड्यांत बरगड्या झाकल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरचं ते घरचं, बाहेरची अंडी शिळी असतील. बायकोने शेजारणींना त्या गाडीवरून काही आणू नका म्हणून सांगितलं. त्या माणसाला सगळं माहीत होतं. त्यालाही मी बदनाम होऊ दिलं आणि दुसऱ्या गल्लीने जायला लागलो.

हे इथेच मिटलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण बायकोने तो नेम मोडल्याचं स्वतःला लावून घेतलं. पुढच्या वर्षीपासून ती श्रावणी सोमवार निर्जळी धरायला लागली. संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. "एकदा ओटा बाटवलाय मी," एवढंच म्हणायची. यंदा तिला पित्ताचा फार त्रास झाला. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिला सोमवार तसाच धरला. दुसऱ्या सोमवारी सकाळी ती ओट्याला धरून डोळे मिटून उभी राहिलेली दिसली.

"अगं, बस जरा," मी म्हणालो. "तू काही बाटवलं नाहीस. ती अंडी मी खात होतो."

ती बसली. मी सगळं सांगितलं, पायरी, आमलेट, रिक्षा. कुत्री मध्येच येऊन तिच्या पायाशी आडवी झाली, अठरा किलोचं धूड.

तिने विचारलं, "कांदा घालून?"

"हो."

"माझ्यासमोर तुम्ही दोडक्याची भाजी नको म्हणून ताट सरकवायचात. आणि मला वाटायचं, बिचारे करतायत माझ्यासाठी." मग म्हणाली, "चार वर्षं हो. तहान लागली की मी नळाचा आवाजसुद्धा नको म्हणायचे."

मी वाकून कुत्रीच्या पाठीवरचे केस सरळ करायला लागलो.

"आत्ता तरी बोला काही!"

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द मी तिच्याशी कधी वापरला होता, आठवत नाही.

तिने उठून पाण्याचा तांब्या घेतला आणि उभ्याने, घटाघट, अर्धा रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. "पोरीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि त्या गाडीवाल्याकडे जाऊन या."

गाडीवाला आता तिथे नाही. दोन गल्ल्या फिरून विचारलं, कुणाला माहीत नाही.

मुलगी पुण्यात शिकते. तिला संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. माझ्या फोनवरून कॉल म्हणताच ती घाबरली, आई बरी आहे ना म्हणाली. मी सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही, या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. शेवटी म्हणाली, "तिला सुई टोचत होते तेव्हा तू बाहेर गेलेलास. मला वाटलेलं तुला रक्त बघवत नाही. मी मैत्रिणींना सांगायचे, माझा बाबा फार हळवा आहे."

मी मान हलवली. मग हललेली मान फोनमध्ये नीट दिसली नसेल म्हणून म्हणालो, "तसं नव्हतं ते."

"हं." पलीकडे कुणीतरी तिला जेवायला बोलावलं, ती "येते" म्हणाली, पण गेली नाही. "तिचं संध्याकाळचं झालं?"

"आता देणार होतो."

"दे. फोन खाली ठेव. मला दिसेल असा ठेव."

मी फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून फरशीवर ठेवला. भात वाढला, दोन अंडी मुलीला दिसतील अशी धरून सोलली, कुस्करली. कुत्रीने ताटली चाटून पुसून काढली. तिने मान वर केल्यावर मुलगी म्हणाली, "उद्या याच वेळेला लाव," आणि फोन ठेवला.